लीज ८१ वर्षांवर आली आहे, थांबू का?

नमस्कार ताई,

आम्ही लंडनच्या हॅरोला राहतो. २०११ मध्ये इथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. ९९ वर्षांची लीज आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त होतो, आपल्या हयातीत काही होत नाही. गेल्या महिन्यात फ्रीहोल्डरच्या, म्हणजे बिल्डिंगच्या मूळ मालकाच्या, एजंटचं पत्र आलं: ‘तुमची लीज कमी होत चालली आहे. ७,५०० पौंड भरा, आम्ही ती परत १२५ वर्षांची करून देतो, ग्राउंड रेंट आहे तेवढाच राहील. २८ दिवसांत कळवा.’ मग मी फाइल काढून बसले. लीज आम्ही घर घेतलं तेव्हापासून नाही, तर २४ जून २००८ पासून ९९ वर्षांची निघाली. म्हणजे आता ८१ वर्षं आणि वर काही महिने उरलेत. ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं वार्षिक भाडं, २०० पौंड आहे, तो वाढत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये १२ फ्लॅट आहेत. लांब लीज असलेला असाच फ्लॅट जवळपास ३ लाख २० हजारांना जातो.

आता घरात तीन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं, घर आपलं आहे, हप्ते आपण फेडलेत, मग पुन्हा पैसे कशाचे? गणपतीत भेटलेले आमचे एक स्नेही म्हणाले, ‘माझी तर ६९ वर्षं उरलीत, तरी मी थांबलोय. कायदा बदलतोय, थोड्याच दिवसांत सगळं स्वस्त होणार.’ वाशीचा माझा भाऊ म्हणतो, ‘आमची पण सिडकोची लीजच आहे, कोण विचारतंय?’ चार-पाच वर्षांत आम्हाला पुण्याला परत जायचंय. तेव्हा फ्लॅट विकू, नाहीतर मुलीला देऊ. काय करावं? सही करून मोकळं व्हावं, थांबावं, की दुर्लक्ष करावं?

– एक वाचक, हॅरो

---

नमस्कार.

तिन्ही नको. एजंटच्या कागदावर सही करू नका, कायद्याची वाट पाहू नका आणि दुर्लक्ष तर मुळीच करू नका. १९९३ च्या कायद्याने तुम्हाला लीज आणखी ९० वर्षांनी वाढवून मागण्याचा हक्क दिलेला आहे. तो वापरून सॉलिसिटरमार्फत फ्रीहोल्डरला रीतसर नोटीस द्या, आणि ती येत्या काही महिन्यांत द्या. तुमच्या स्नेह्यांचा सल्ला चुकीचा नाही. तो त्यांच्यासाठी बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही. त्यांची लीज ८० च्या खाली गेलेली आहे, तुमची अजून वर आहे. सगळा फरक तिथे आहे, म्हणून आधी त्या ८० चं सांगते.

पण त्याच्याही आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण नोटिशीत त्यांचंही नाव लागेल आणि मनात नसताना कोणी पैसे काढत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट ‘विकत घेतला’ म्हणजे बहुतेक वेळा एक लांबलचक भाडेकरार घेतलेला असतो. विटा, जमीन, छप्पर फ्रीहोल्डरचं. तुमच्याकडे आहे तो ठरावीक वर्षं तिथे राहण्याचा, विकण्याचा, भाड्याने देण्याचा हक्क. ती वर्षं संपली की कागदोपत्री फ्लॅट फ्रीहोल्डरकडे परत जातो. तुम्ही बँकेचे हप्ते फेडलेत ते त्या वर्षांच्या किमतीचे. हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. स्कॉटलंडमध्ये फ्लॅटची थेट मालकी मिळते आणि तिथलं काही अडत नाही. पण अन्याय्य आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. लीज दर वर्षी एका वर्षाने कमी होते, आणि ते गेलेलं वर्ष परत घ्यायचं तर पैसे पडतात.

भावाचंही खरं आहे, पण ते वाशीत. सिडकोने जमीन ६० वर्षांच्या पट्ट्याने दिली. तिथे पट्टा असतो भूखंडाचा, समोर असतं सरकारी महामंडळ, आणि प्रश्न आला तर तो अख्ख्या सोसायटीचा येतो. मोर्चा निघतो, आमदार बोलतात, धोरण ठरतं. हॅरोत तुमच्या फ्लॅटची लीज एकट्या तुमची आहे, आणि समोर बहुधा अशी एखादी खासगी कंपनी आहे जिने ही बिल्डिंग उत्पन्नासाठीच घेतली. तुमची वर्षं कमी होणं हा तिचा नफा आहे. तिला विचारायला यायची गरजच नाही, नुसतं बसून राहिलं तरी पुरतं. उलट ती पत्र पाठवून विचारते आहे, तर का विचारते आहे हे आपण पाहायला हवं.

आता ८०. लीज वाढवून घेताना फ्रीहोल्डरला जी रक्कम द्यायची तिला प्रीमियम म्हणतात. तिचे दोन भाग नेहमीच असतात. पहिला, ग्राउंड रेंट. हक्काने घेतलेल्या वाढीव लीजवर तो शून्य होतो, म्हणून त्याचं जे उत्पन्न बुडणार त्याची आजची किंमत. दुसरा, लीज संपल्यावर फ्लॅट त्याच्या हाती आला असता, तो आता आणखी ९० वर्षं उशिरा येणार, त्याची भरपाई. पुढच्या काळातली किंमत आजच्या पैशांत आणायला फ्लॅटसाठी वर्षाला ५ टक्के हा दर वापरतात. २००६ च्या ‘स्पोर्टेली’ निकालापासून तो जवळपास पक्का आहे.

तुमच्या आकड्यांवर मी अंदाज केला. ३ लाख २० हजारांचा फ्लॅट ८१ वर्षांनी मिळणार, तर ५ टक्क्यांनी त्याची आजची किंमत फक्त सहा हजार पौंडांच्या आसपास येते. २०० पौंड ग्राउंड रेंटचं, ७ टक्के दर धरला तर, २,८०० च्या थोडं वर. दोन्ही मिळून ८,८०० ते ९,०००. हा घरबसल्या केलेला हिशेब आहे, नेमका आकडा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा तज्ज्ञ, देईल. पण अंदाजाला पुरेसा आहे.

लीज ८० वर्षांवर किंवा त्याखाली आली की याच्यात तिसरा भाग येऊन बसतो. त्याचं नाव मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढली की फ्लॅटची बाजारातली किंमतही वाढते, आणि त्या वाढीव किमतीतला निम्मा वाटा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. ८० च्या वर असाल तर हा भाग कायद्याने शून्य धरतात. मधे उतार नाही, एकदम पायरी आहे. समजा तुम्ही दोन वर्षं थांबलात आणि ७९ वर काही महिने उरले. समजा त्या वेळी छोट्या लीजमुळे तुमच्या फ्लॅटची किंमत लांब लीजच्या ९३ टक्के धरली गेली (हे प्रमाण किती धरायचं यावरच व्हॅल्युअरांची सर्वांत जास्त भांडणं होतात). तर पहिले दोन भाग साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि मॅरेज व्हॅल्यूचा निम्मा वाटा साडेसहा हजारांच्या आसपास. एकूण १६ हजार. आज ९ च्या आत, दोन वर्षांनी १६. फ्लॅट तोच, भिंती त्याच.

तुमची लीज २३ जून २१०७ ला संपते. म्हणजे २०२७ च्या जूनमध्ये तुम्ही ती रेघ ओलांडता. कायदा ‘८० पेक्षा जास्त’ म्हणतो, तेव्हा बरोबर ८० उरलेला दिवसही उपयोगाचा नाही. तुमच्या बाजूची एक चांगली गोष्ट म्हणजे किंमत ज्या तारखेची धरायची ती नोटीस दिल्याची तारीख. नोटीस वेळेत गेली, मग पुढे घासाघीस वर्षभर चालली आणि तोवर लीज ८० च्या खाली आली, तरी हिशेब नोटिशीच्या दिवसाचाच. म्हणून सगळं काम जूनपूर्वी संपायला हवं असं नाही, नोटीस जायला हवी.

आता तुमच्या स्नेह्यांकडे वळू. ते ज्या कायद्याची वाट बघताहेत तो खरा आहे. लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्ट, २४ मे २०२४ ला मंजूर झाला. त्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द होते, लीज ९० ऐवजी ९९० वर्षांनी वाढते, आणि फ्रीहोल्डरचा वकिली खर्च साधारणपणे आपल्याला भरावा लागत नाही. ऐकायला झकास. पण मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. त्या कायद्यातल्या काही तरतुदी लागू झाल्या आहेत. उदाहरणार्थ, लीज वाढवून मागण्यापूर्वी दोन वर्षं मालकी असावी ही जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. मात्र किमतीच्या हिशेबाचा जो भाग आहे, ज्याच्यासाठी सगळे डोळे लावून बसलेत, तो मी हे लिहीत असताना लागू झालेला नाही. जमीनमालकांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. म्हणजे वारं भाडेकरूंच्या बाजूने आहे. पण नवा हिशेब ज्या दरांनी करायचा ते दर सरकारने ठरवायचे आहेत, आणि ते ठरेपर्यंत कोणालाच, अगदी सरकारलाही, नक्की आकडा सांगता येत नाही.

६९ वर्षं उरलेल्या माणसाला हे थांबणं परवडू शकतं. त्यांचा फ्लॅट तुमच्याएवढ्याच किमतीचा असेल, तर त्यांच्या प्रीमियममधला निम्म्याच्या जवळपासचा भाग मॅरेज व्हॅल्यूचाच असेल. ती रद्द झाली तर दहा-बारा हजार पौंड वाचतील. थांबण्यात धोका आहे, दर वर्षी रक्कम थोडी चढते, मधेच विकायची किंवा पुन्हा कर्ज काढायची वेळ आली तर अडचण होईल. पण त्यांची रेघ तर मागेच ओलांडून झाली आहे. आता त्यांना घालवायला थोडं आणि मिळवायला पुष्कळ आहे.

तुमचं उलट. नव्या कायद्यातून तुम्हाला काय मिळेल ते एकेक बघा. मॅरेज व्हॅल्यू जाईल, पण ती तुम्हाला आजही लागत नाही. हिशेबात ग्राउंड रेंट धरताना फ्लॅटच्या किमतीच्या ०.१ टक्का ही मर्यादा येईल. तुमच्या बाबतीत ती ३२० पौंड होते आणि तुमचा रेंट २०० आहे, म्हणजे तिचाही उपयोग नाही. ९९० वर्षं मिळतील, पण ८१ अधिक ९० म्हणजे १७१ वर्षं ग्राउंड रेंटशिवाय मिळालेल्या फ्लॅटला कुठलीही बँक नाक मुरडत नाही. मुलीच्या मुलीच्या मुलीचा विचार करायचा असेल तर गोष्ट वेगळी. राहिला फ्रीहोल्डरचा खर्च. तो मात्र खरंच वाचेल, काही शे किंवा फार तर दोन-तीन हजार पौंडांचा मामला असेल. आणि सरकारने तो दर ५ टक्क्यांच्या खाली ठेवला, तर तुमचा प्रीमियम कमी होण्याऐवजी वाढेल, हेही लक्षात घ्या. या अनिश्चित बचतीसाठी सहा-सात हजारांची पायरी अंगावर घ्यायची, कारण कायदा जून २०२७ च्या आत लागू होईल अशी आशा आहे? मी नसते घेतली. झाला लागू तर सांगेन की काही पौंड जास्त गेले. नाही झाला तर काय सांगणार?

आता ते एजंटचं पत्र. ७,५०० हा आकडा ८,८०० पेक्षा कमी दिसतो, आणि म्हणूनच तो तसा ठेवलेला आहे. त्या ७,५०० मध्ये काय मिळतं ते पाहा. लीज १२५ वर्षांची होणार, म्हणजे तुम्हाला मिळणार ४४ वर्षं, ९० नाहीत. ग्राउंड रेंट ‘आहे तेवढाच’ राहणार, म्हणजे पुढची ८१ वर्षं दर वर्षी २०० पौंड. २०२२ च्या ग्राउंड रेंट कायद्यामुळे नव्याने जोडलेल्या वर्षांवर त्यांना रेंट लावता येत नाही, पण जुन्या लीजची उरलेली वर्षं अशा खासगी करारात जुन्या रेंटवर ठेवता येतात. ‘तेवढाच राहील’ हे वाक्य म्हणूनच इतकं सौम्य आहे. मी त्याच ५ टक्के दराने या देवाणघेवाणीची किंमत काढली, तर फ्रीहोल्डर तुम्हाला जे देतो आहे ते साधारण ५,३०० पौंडांचं आहे. त्याचे तो ७,५०० मागतो. स्वस्त दिसणारा सौदा दोन हजारांनी महाग आहे.

आणखी एक गोष्ट. खासगी करारात नवी लीज कशी लिहायची हे त्यांच्या वकिलाच्या हातात असतं. सर्व्हिस चार्जची कलमं, फ्लॅट भाड्याने देताना घ्यायच्या परवानगीची फी, बदल करायचे तर किती मोजायचे, असं बरंच काही हळूच बदलता येतं. हक्काने घेतलेल्या लीजमध्ये जुन्याच अटी, अपवाद वगळता, तशाच पुढे चालतात. २८ दिवसांची मुदतही त्यांनी स्वतःची स्वतःच घातलेली आहे, कायद्यात तसं काही नाही. खासगी करार कायम वाईटच असतो असं मी म्हणत नाही. कुणी ९० वर्षं, शून्य रेंट आणि जुन्याच अटी असं सगळं देत असेल तर आणि किंमत रास्त असेल तर वेळ आणि वकिली खर्च दोन्ही वाचतात. नोटीस दिल्यावरही अशी तडजोड होऊ शकते, आणि बऱ्याचदा होते. फरक एवढाच की तेव्हा तुम्ही किंमत गोठवून बोलत असता.

तर करायचं काय. सर्वांत आधी हिज मॅजेस्टीज लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवरून तुमच्या फ्लॅटचा आणि बिल्डिंगच्या फ्रीहोल्डचा रजिस्टर उतारा काढा, थोड्या पौंडांत मिळतो. तुमच्या आणि फ्रीहोल्डरच्या मधे आणखी एखादी कंपनी ‘हेड लीज’ घेऊन बसली आहे का ते त्यात दिसतं. नोटीस नेमकी कुणाला द्यायची हे त्यावर ठरतं आणि इथेच अनेक नोटिशी चुकतात. लीजची सुरुवातीची तारीखही मूळ लीजच्या कागदात पुन्हा वाचा. तुम्ही ती शोधून काढलीत हे फार बरं केलंत. घर घेतल्याच्या तारखेपासून वर्षं मोजणारी कितीतरी माणसं आहेत.

मग व्हॅल्युअर. आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेचा सदस्य आणि याच कामाचा अनुभव असलेला हवा, घर विकणारा इस्टेट एजंट नव्हे. तो कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती जाईल ते सांगेल आणि नोटिशीत किती लिहायचं तेही. नोटिशीत आपला आकडा लिहावा लागतो, आणि तो प्रामाणिक पण कमी असतो, फ्रीहोल्डर उत्तरात त्याचा जास्तीचा सांगतो, मधे कुठेतरी भेटतात. मासळीबाजारात घासाघीस केली नाही असा माणूस आपल्यात विरळा, इथेही तेच चालतं, फक्त पत्रांतून आणि ‘विदाउट प्रेजुडिस’ (म्हणजे हे बोलणं पुढे आपल्याविरुद्ध वापरू नये) लिहून.

सॉलिसिटरही याच कामातला घ्या. घर घेताना ज्यांनी कागद केले तेच याला चालतील असं नाही. असोसिएशन ऑफ लीजहोल्ड एन्फ्रँचाइजमेंट प्रॅक्टिशनर्स नावाची संघटना आहे, तिच्या यादीतून व्हॅल्युअर आणि सॉलिसिटर दोन्ही शोधता येतात. खर्चाचा अंदाज आधी लेखी मागा. तुमचा सॉलिसिटर, तुमचा व्हॅल्युअर आणि शिवाय फ्रीहोल्डरचा ‘वाजवी’ वकिली आणि मूल्यांकनाचा खर्च, एवढं तुम्हाला सोसावं लागेल. व्हॅटसकट मिळून काही हजार पौंड प्रीमियमच्या वर धरून ठेवा. स्टॅम्प ड्यूटीची चिंता या रकमेला नाही.

कायद्याचं कलम ४२, म्हणून हिला सेक्शन ४२ची नोटीस म्हणतात. तीत फ्रीहोल्डरला उत्तरासाठी निदान दोन महिने द्यावे लागतात. मधल्या काळात तो फ्लॅट बघायला माणूस पाठवू शकतो आणि अनामत मागू शकतो. ती तुम्ही लिहिलेल्या प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, दोन्हींत जी जास्त असेल ती. त्याचं उत्तर आलं की किमतीवर बोलणी. जमलं नाही तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करायचा, तोही त्याच्या उत्तरानंतर दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. बहुतेक प्रकरणं तिथवर पोचण्याआधीच मिटतात, पण अर्जाची तारीख तुमच्या सॉलिसिटरने कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असली पाहिजे. सहा महिने उलटले आणि अर्ज गेला नाही, तर तुमची नोटीस मागे घेतली असं कायदा समजतो आणि पुढची नोटीस १२ महिने देता येत नाही. तुमच्या तारखा मांडून बघा. आज दिलेली नोटीस अशी वाया गेली, तर पुढची देईपर्यंत तुम्ही ८० च्या खाली गेलेले असाल. म्हणूनच मी ‘२०२७ च्या मे महिन्यात देऊ’ असं म्हणणार नाही. नोटिशीत काही चूक निघाली, फ्रीहोल्डर बदललेला निघाला, सॉलिसिटर रजेवर गेला, यातल्या कशालाही जागा उरावी इतकी आधी ती जायला हवी. या उन्हाळ्यात.

विकण्याचा विचार आहे म्हणता, त्याबद्दल थोडं. चार-पाच वर्षांनी ७६-७७ वर्षांची लीज घेऊन बाजारात गेलात तर घेणारा येईल, पण त्याचा वकील पहिलाच प्रश्न लीजचा काढेल, बँक दुसरा, आणि किंमत त्यातूनच कापली जाईल. लीज वाढवून ठेवली तर तो विषयच निघत नाही. त्याआधीच विकावं लागलं तर दिलेली नोटीस लीजसोबत घेणाऱ्याच्या नावे करता येते. मात्र ती विक्रीच्या व्यवहारातच, एकाच वेळी करावी लागते, नंतर नाही. मुलीला द्यायचा झाला तरी आधी लीज वाढवा आणि मग द्या. मुलीच्या मागे नवा व्यवहार आणि जुनं दुखणं दोन्ही कशाला? आणि फ्लॅटवर कर्ज शिल्लक असेल तर बँकेला कळवा. गहाण नव्या लीजवर चढतं, सॉलिसिटर ते बघतो.

शेजाऱ्यांशी बोला. बारा फ्लॅटच्या लीज बहुधा एकाच दिवशी सुरू झाल्या असतील, म्हणजे जून २०२७ सगळ्यांचाच आहे. त्यांनाही हेच पत्र आलं असेल आणि एखाद्याने सही केलीही असेल. चार-पाच जण एकत्र आलात तर व्हॅल्युअर एकाच फेरीत सगळे फ्लॅट बघतो आणि सॉलिसिटरची फी कमी होते. निम्म्या फ्लॅटवाल्यांची, म्हणजे सहांची तयारी असेल, तर मिळून फ्रीहोल्डच विकत घेण्याचाही हक्क आहे. मला ते मनापासून आवडतं, पण त्याला सगळ्यांचे पैसे, सगळ्यांच्या सह्या आणि सगळ्यांचा धीर लागतो. सोसायटीच्या मीटिंगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. तो विषय जरूर काढा, फक्त त्याच्या भरवशावर स्वतःची नोटीस अडवू नका.

लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस, जिला सगळे ‘लीज’ म्हणतात, ती सरकारी पैशांवर चालते आणि फुकट सल्ला देते. तिच्या वेबसाइटवर प्रीमियमचा अंदाज काढायचं कॅलक्युलेटर आहे. यजमानांना शेजारी बसवून त्यात आधी ८१ घाला आणि मग ७९ घाला. माझ्या सांगण्यापेक्षा ते दोन आकडे लवकर पटवतील.

एजंटला उत्तर द्यायचं बंधन नाही. द्यायचंच असेल तर ‘पत्र मिळालं, सल्ला घेत आहोत’ एवढं एका ओळीत लिहा. रकमेबद्दल, फ्लॅटच्या किमतीबद्दल किंवा ‘आम्हाला विकायचंय’ याबद्दल अक्षर लिहू नका, फोनवरही बोलू नका. सॉलिसिटर ठरला की त्याचं नाव कळवा आणि पुढचा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत होऊ द्या.